'लेप्रा' : एका ग्रीक शब्दाचा वैद्यकीय व सामाजिक इतिहास

प्रस्तावना

आधुनिक त्वचारोगशास्त्राची परिभाषा प्रामुख्याने ग्रीक धातूंवर उभी आहे. 'डर्मा' म्हणजे कातडे. हा शब्द सोलणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. 'झेरोस' म्हणजे कोरडे, 'स्क्लेरोस' म्हणजे कठीण, 'एरिथ्रोस' म्हणजे तांबडे; त्यांपासून झेरोडर्मा, स्क्लेरोडर्मा, एरिथेमा ही रोगनामे तयार झाली. ही नावे रोगाचे कारण सांगत नाहीत. डोळ्यांना जे दिसते तेवढेच नोंदवतात. त्यामुळे एकच नाव अनेक रोगांना लागू पडण्याचा धोका आरंभापासूनच होता. 'लेप्रा' हा शब्द त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या शब्दाच्या अर्थांतराचा व त्याच्या परिणामांचा आढावा घेतला आहे.

मूळ अर्थ

'लेपिस' म्हणजे खवला. त्याच कुळातील 'लेप्रा' हे नाव हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांत खवले पडणाऱ्या, खाज सुटणाऱ्या त्वचाविकारांसाठी येते. आज ज्यांना सोरायसिस किंवा एक्झिमा म्हटले जाते, असे विकार त्यात समाविष्ट असावेत. हातापायांची बधिरता आणि चेहऱ्याची विद्रूपता निर्माण करणाऱ्या कुष्ठरोगासाठी ग्रीक वैद्यांनी 'एलिफन्टियासिस' हे वेगळे नाव वापरले. कॅपॅडोशियाच्या अरेटियसने त्याचे सविस्तर वर्णन केले आहे. रुग्णाची जाड, सुरकुतलेली त्वचा हत्तीच्या कातड्यासारखी दिसते, यावरून हे नाव पडले.

दोन भाषांतरे

पहिले अर्थांतर धर्मग्रंथाच्या भाषांतरातून घडले. इ. स. पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर सुरू झाले, तेव्हा 'त्साराथ' या शब्दासाठी 'लेप्रा' हा प्रतिशब्द योजण्यात आला. लेवीय ग्रंथाच्या १३ व १४ या अध्यायांतील 'त्साराथ' माणसाच्या त्वचेवर उमटते, तसेच वस्त्रांवर आणि घराच्या भिंतींवरही उमटते. ती वैद्यकीय संज्ञा नसून धार्मिक अशुद्धतेची कल्पना होती. असे असूनही वस्तीबाहेर राहण्याची आज्ञा 'लेप्रा' या वैद्यकीय नावाशी जोडली गेली. लॅटिन बायबलनेही तोच शब्द स्वीकारला.

दुसरे अर्थांतर अकराव्या शतकात घडले. अरबी वैद्यकात कुष्ठरोगाला 'जुझाम' असे स्वतंत्र नाव होते, तर हत्तीरोगाचे नाव 'हत्तीचा रोग' याच अर्थाचे होते. मोन्टे कॅसिनो येथे अरबी ग्रंथांचे लॅटिनमध्ये रूपांतर करणाऱ्या कॉन्स्टन्टाइन आफ्रिकनसच्या ग्रंथांतून 'जुझाम'साठी 'लेप्रा' हा शब्द रूढ झाला. 'एलिफन्टियासिस' हत्तीरोगाकडे गेला. अशा रीतीने खरा कुष्ठरोग आणि धर्मग्रंथातील अशुद्धता एकाच शब्दात एकत्र आली. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने कुष्ठरुग्णांसाठी स्वतंत्र चर्च व दफनभूमीची तरतूद केली, ती याच पार्श्वभूमीवर.

शब्दांचा गुंता व उकल

लंडनच्या रॉबर्ट विलनने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्वचारोगांचे वर्गीकरण करताना 'लेप्रा' हा शब्द पुन्हा खवल्यांच्या रोगासाठी वापरला. पुढे व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्राने हा 'लेप्रा' म्हणजे सोरायसिसच होय, असे दाखवले. १८७३ मध्ये नॉर्वेतील बर्गन येथे हॅन्सनने कुष्ठरोगाचा जंतू ओळखला आणि रोगाची ओळख दिसण्याकडून कारणाकडे वळली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांचा या दोन्ही रोगांवरील ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात 'लेप्रसी' आणि 'एलिफन्टियासिस' हे शब्द शेजारी शेजारी, परंतु भिन्न अर्थाने आहेत.

भारतीय समांतर

आयुर्वेदातील 'कुष्ठ' ही संज्ञाही अशीच व्यापक होती. संहितांत सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे अशी अठरा कुष्ठे सांगितली आहेत. मराठीत मात्र 'कुष्ठ' आणि 'महारोग' हे शब्द एकाच रोगापुरते संकुचित झाले. पांढरे डाग असलेल्या निरुपद्रवी कोडालाही 'श्वेतकुष्ठ' या नावामुळे त्या भीतीचा वाटा मिळाला. १८९८ च्या लेपर्स ॲक्टने निर्धन रुग्णांना आश्रमांत ठेवण्याची सक्ती कायदेशीर केली. १९४८ च्या हवाना येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने 'लेपर' हा शब्द टाळण्याची शिफारस केली. तरीही हा कायदा २०१६ पर्यंत टिकून राहिला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद वैयक्तिक कायद्यांतून २०१९ मध्ये वगळण्यात आली.

निष्कर्ष

रोगाचा जंतू १८७३ मध्ये सापडला आणि १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचाराने रोग पूर्ण बरा होऊ लागला. शब्दाला चिकटलेला कलंक मात्र कायद्यातून जाण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. परिभाषा ही केवळ विद्वानांची सोय नसते. भाषांतरकाराने निवडलेल्या एका प्रतिशब्दाची किंमत शतकानुशतके गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसांनी मोजली, याची साक्ष 'लेप्रा'चा इतिहास देतो. मराठीत वैद्यकीय परिभाषा घडवताना हा इतिहास विचारात घेणे अगत्याचे ठरते.