संगीतोपचार करणाऱ्याची सरकारी नोंदणी असते काय? पैसे देण्याआधी हे वाचा

कामठा (ता. गोंदिया) : पेटी, पखवाज, टाळ वाजले की म्हाताऱ्या माणसाचा जीव हलका होतो, हे आपल्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. पण मूल बोलत नाही किंवा घरात लकव्याचा पेशंट आहे, अशा घरात 'संगीतोपचार' हा शब्द आला की प्रश्न पडतात. हा उपचार खरा काय? देणारा जाणकार आहे हे ओळखायचं कसं?

संगीतोपचार म्हणजे काय?
नुसती रागांची ध्वनिफीत लावून देणं म्हणजे संगीतोपचार नाही. शिकलेला उपचारक आधी पेशंटला तपासतो, काय सुधारायचं ते ठरवतो, त्यासाठी गाणं, ताल, वाद्य वापरतो आणि पडलेला फरक लिहून ठेवतो. माझ्या मामांना लकव्यानंतर पाणी मागता येत नव्हतं, पण भजनाचं ध्रुवपद सगळ्यांसोबत म्हणता येत होतं. अशाच अनुभवावरून चालीवर शब्द बोलायला शिकवण्याची पद्धत अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये १९७३ साली मांडली गेली. सगळ्यांनाच तिचा गुण येतो असं नाही.

कायदा काय म्हणतो?
ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना स्वतःला संगीतोपचारक म्हणवणं गुन्हा आहे. आपल्याकडे तसं नाही. भारतीय पुनर्वास परिषद १९९२ च्या कायद्यानुसार वाचा-उपचारक, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक यांची नोंद ठेवते. त्या यादीत संगीतोपचारक नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या अनुसूचीत कला, नृत्य व हालचाल उपचारकांचं नाव आलं, संगीताचं वेगळं नाव आलं नाही.

याचा तोटा दोघांनाही होतो. पुदुच्चेरी, दिल्लीसारख्या ठिकाणी रीतसर शिकून आलेल्याला सरकारी दवाखान्यात पद मिळत नाही, आणि चार दिवसांचं शिबिर केलेलाही तीच पाटी लावू शकतो.

कामठ्याहून कुठं जायचं?
- लहान मूल असेल तर अंगणवाडी किंवा शाळेत तपासणीला येणाऱ्या बालस्वास्थ्य पथकाला सांगा. ते पुढे पाठवतात.
- गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा आणि मानसोपचार विभागात दाखवा. वाचा-उपचाराबद्दल तिथं विचारा.
- मनाचा त्रास असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो.

पैसे देण्याआधी विचारा
- कुठं शिकलात, किती काळ, आणि पेशंटसोबतचा सराव कोणाच्या देखरेखीखाली केला?
- पुनर्वास परिषदेचा नंबर सांगत असतील तर तो कोणत्या व्यवसायाचा? परिषदेच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो.
- तीन महिन्यांत काय फरक दिसायला पाहिजे, ते लिहून द्याल काय?
- डॉक्टरची गोळी बंद करा म्हणतात काय? म्हणत असतील तर तिथूनच परत या.

डॉक्टरचा इलाज सुरू असताना पेशंटला मंडळात नेऊन बसवायला काही हरकत नाही. टाळ हातात द्या, म्हणू द्या. त्याला पैसा लागत नाही. पण मूल बोलत नाही म्हणून गाण्याच्या भरवशावर वर्ष घालवू नका. वाचा-उपचार जितका लवकर सुरू होईल तितका बरा.