मोटारींतील नाद आणि विजेचा हिशेब

मोटारींत बसून गाणें ऐकण्याची सोय आज इतकी सर्वसामान्य झाली आहे कीं, ती साध्य करण्यासाठीं किती बुद्धि आणि किती श्रम खर्चीं पडले, याची आठवण सहसा कोणास होत नाहीं. हौशी तरुण मोटारीच्या डिकींत सबवूफर बसवितो. म्हणजे खर्जाचे स्वर आणि डग्ग्याचा घुमारा उमटविणारा मोठा ध्वनिक्षेपक. त्याच्या जोडीस अ‍ॅम्प्लिफायर येतो, आणि त्या दोघांसाठीं बॅटरीपासून डिकीपर्यंत एक जाड तार न्यावी लागते. ही तार इतकी जाड कां, आणि तिच्या आरंभींच फ्यूज कां, या दोन प्रश्नांचीं उत्तरें शोधूं लागलें म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास उलगडतो. त्याचें सूत्र एकच आहे: मोटारीची बॅटरी कमी दाबाची वीज देते, आणि मोठ्या नादाला अधिक दाबाची वीज लागते.

हा इतिहास अमेरिकेंत सुरू होतो. शिकागो शहरांत पॉल गॅल्व्हिन आणि जोसेफ गॅल्व्हिन या बंधूंनीं १९२८ सालीं एक लहानसा कारखाना काढला. १९३० च्या जून महिन्यांत अटलांटिक सिटी येथें रेडिओ-कारखानदारांचें संमेलन भरलें होतें. विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग यांच्या साहाय्यानें पॉल गॅल्व्हिन यांनीं आपल्या स्टुडबेकर मोटारींत रेडिओ बसविला, ती मोटार संमेलनाच्या ठिकाणापर्यंत हांकीत नेली, आणि आंत जागा नसल्यामुळें बाहेरच उभी करून येणाऱ्या-जाणाऱ्यांस तो रेडिओ ऐकविला. या यंत्रास ‘मोटोरोला’ हें नांव मिळालें, आणि १९४७ सालीं कारखान्यानेंही तेंच नांव धारण केलें. आरंभींच्या काळीं कर्ज मिळविण्यासाठीं एका पेढीवाल्याच्या मोटारींत रेडिओ बसविला, आणि थोड्याच वेळांत त्या मोटारीनें पेट घेतला, अशी एक आख्यायिका सांगतात. तिचा खरेखोटेपणा कसाही असो. तारांची जोडणी चुकली तर काय ओढवतें, हें तिच्यांत नेमकें आलें आहे.

त्या काळच्या रेडिओंत निर्वात नळ्या असत. त्यांच्या तारा तापविण्यास मोटारीची ६ व्होल्टांची बॅटरी पुरे. परंतु नळ्यांचें मुख्य कार्य चालण्यास शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक व्होल्टांचा दाब लागे. म्हणून मोटारीच्या तळाशीं निराळ्या कोरड्या बॅटऱ्या ठेवाव्या लागत, आणि त्या संपल्या कीं नव्या विकत घ्याव्या लागत. पुढें १९३२–३३ च्या सुमारास ‘व्हायब्रेटर’ नांवाचें साधन प्रचारांत आलें. त्यांतील पोलादी पट्टी सेकंदास शंभराहून अधिक वेळां थरथरून बॅटरीच्या सरळ प्रवाहाचे तुकडे पाडी. त्या तुटक प्रवाहाचा दाब ट्रान्सफॉर्मरनें वाढवितां येई. म्हणजे प्रत्येक मोटारींत एक इवलेंसें वीजघरच उभें राहिलें!

दुसरी अडचण खरखरीची होती. पेट्रोल पेटविणारी ठिणगी ही स्वतःच एक विद्युत्-लहरी पसरविणारें केंद्र असते. तिचे तडाखे गाण्यांत मिसळत. त्यावर उपाय म्हणून ठिणगीच्या मार्गांत रोधक आणि विद्युज्जनित्रावर कंडेन्सर बसविण्यांत आले. युरोपांत १९३२ सालीं ब्लाउपुंक्ट या जर्मन कारखान्यानें आपला पहिला मोटार-रेडिओ विक्रीस काढला, तेव्हां त्यालाही याच अडचणींना तोंड द्यावें लागलें.

१९४७ सालीं ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढें चित्र पालटलें. १९५५ सालीं क्रायस्लर आणि फिल्को या अमेरिकन कंपन्यांनीं एकही निर्वात नळी नसलेला मोटार-रेडिओ जाहीर केला. ट्रान्झिस्टरला बॅटरीचाच दाब पुरत असल्यामुळें थरथरणाऱ्या पट्टीचें काम संपलें. त्याच दशकांत अमेरिकन मोटारींच्या बॅटऱ्या ६ व्होल्टांवरून १२ व्होल्टांवर गेल्या. दाबाचा प्रश्न कायमचा सुटला, असें त्या वेळीं वाटणें स्वाभाविक होतें.

परंतु मनुष्याची हौस तेथें थांबली नाहीं. कान खर्जाच्या स्वरांस मंद असतो, हें फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालींच मोजून दाखविलें होतें; ते स्वर इतरांच्या बरोबरीनें ऐकूं यावयाचे तर पुष्कळ अधिक शक्ति खर्चावी लागते. शिवाय सेकंदास ४० आंदोलनें असलेल्या स्वराची हवेंतील लांबी साडेआठ मीटर असते. असा स्वर लहान पेटींतून निघेल कसा? १९५४ सालीं एडगर व्हिल्चर यांनीं बंद पेटींतील हवेलाच स्प्रिंगचें काम दिलें आणि लहान ध्वनिक्षेपकांतून गंभीर नाद काढून दाखविला. पुढें ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील यांनीं १९६१ सालीं आणि रिचर्ड स्मॉल यांनीं त्यानंतरच्या दशकांत पेटीच्या आकाराचें गणित बसवून दिलें. बंद मोटारीचा गुणही येथें कामीं आला: लाटेच्या मानानें जागा लहान असल्यामुळें आंतील हवेचा दाब एकदम वरखालीं होतो, आणि खर्ज अधिक भरदार वाटतो.

आतां जुनाच प्रश्न नव्या रूपानें पुढें आला. १२ व्होल्टांच्या बॅटरीवरून चार ओहमांच्या ध्वनिक्षेपकास थेट वीस-पंचवीस वॅटांपेक्षां फारशी अधिक शुद्ध शक्ति देतां येत नाहीं; सबवूफरला तर शेंकडों वॅट हवेत. म्हणून मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटांत दाब वाढविणारें यंत्र पुन्हा बसविण्यांत आलें. थरथरणाऱ्या पट्टीचें काम ट्रान्झिस्टर करूं लागले, आणि तेंही सेकंदास हजारों वेळां. व्हायब्रेटरचा हा जणुं पुनर्जन्मच होय.

मात्र शक्ति फुकट मिळत नाहीं. ५०० वॅटांचा अ‍ॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेपैकीं शेंकडा ८० भाग कामीं लावीत असेल, तर पूर्ण भारावर त्यास ६२५ वॅट द्यावे लागतात. म्हणजे बॅटरीकडून सुमारें ५० अँपिअर. पांच मीटर लांबीची तांब्याची तार २ चौरस मिलिमीटर जाडीची असेल, तर एवढ्या प्रवाहानें तिच्यांतच दोन व्होल्टांहून अधिक दाब नष्ट होईल, आणि शंभराहून अधिक वॅटांची उष्णता गालिच्याखालीं सांचेल. तीच तार २० चौरस मिलिमीटरची असेल, तर नुकसान त्याच्या एकदशांशावर येतें. जाड तारेचें रहस्य तें हेंच.

फ्यूजची गोष्ट याहून गंभीर आहे. अनेकांची अशी समजूत असते कीं, फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरच्या रक्षणासाठीं असतो. वस्तुतः तो तारेच्या रक्षणासाठीं असतो. तारेचें वेष्टण एखाद्या पत्र्याच्या कडेस घांसून फाटलें आणि तांबें मोटारीच्या अंगास टेकलें, तर बॅटरी क्षणांत शेंकडों अँपिअर ओतते. फ्यूज डिकींत असेल, तर त्याच्या अलीकडील सारी तार निराधार राहते. म्हणून तो बॅटरीपासून हातभराच्या आंत, म्हणजे सुमारें ४५ सेंटिमीटरांच्या आंतच बसवावा, आणि त्याचा अंक तारेच्या कुवतीहून मोठा नसावा, असा नियम रूढ झाला. तार पत्र्यांतून जाते तेथें रबराची कडी घालावयाची, परतीची तार रंग खरवडून मोटारीच्या उघड्या धातूस घट्ट आवळावयाची, आणि गाण्याची तार विजेच्या तारेपासून दूर न्यावयाची, हे नियमही अनुभवानेंच ठरले. यांतील अखेरचा नियम म्हणजे १९३० सालच्या खरखरीविरुद्धचाच लढा होय.

यंत्रें बदललीं, नांवें बदललीं; पण बॅटरीचा दाब मर्यादित आणि नादाची भूक मोठी, हें नातें पालटलें नाहीं. नादाचें वैभव कानाला सुखवितें, परंतु त्याचा सारा भार दृष्टीआड असलेली तार वाहते. तिचा हिशेब ज्यानें आधीं केला, त्यालाच गाणें निर्धास्तपणें ऐकतां येतें.