संख्याज्ञान म्हणजे काय? ते कसे मोजतात?

संख्याज्ञान म्हणजे आकड्याचा अर्थ लावून त्यावरून निर्णय घेण्याची क्षमता. पाढे पाठ असणे हा त्याचा फक्त एक भाग.

कोल्हापूर जिल्ह्यातील ऊस उत्पादकाचेच उदाहरण घ्या. उसातून शेकडा किती साखर निघाली, तो उतारा. २०२५-२६ हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४.६० रुपये वाढतात. उतारा ११.२५ धरला तर फरक ‘एकच टक्का’ वाटतो. पण त्यात ०.१ चे दहा टप्पे आहेत. म्हणजे टनाला ३४६ रुपये आणि शंभर टनांना ३४,६०० रुपये! तोडणी-वाहतुकीचा खर्च एकूण रकमेतून वजा होतो, तो वेगळा.

मोजतात कसे?

१९९७ मध्ये अमेरिकन संशोधकांनी तीनच प्रश्नांची चाचणी वापरली. नाणे १,००० वेळा उडवले तर छापा साधारण किती वेळा पडेल? १,००० जणांच्या १ टक्का म्हणजे किती जण? १,००० पैकी १ म्हणजे किती टक्के? (उत्तरे: ५००, १० आणि ०.१ टक्का.) ज्यांची उत्तरे बरोबर आली, त्यांना स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीचा फायदाही आकड्यांवरून जास्त नीट समजला.

भारतात ‘असर’ पाहणी घरोघरी जाऊन वजाबाकी-भागाकार तपासते. २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटातील ४३.३ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले.

निर्णय कुठे चुकतो?

आकडा कसा मांडला, यावरही बरेच ठरते. एलन पीटर्स व सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासात ‘१०० पैकी १० रुग्ण हिंसक वागू शकतात’ आणि ‘१० टक्के रुग्ण’ ही एकच माहिती दोन प्रकारे दिली. संख्याज्ञान कमी असलेल्यांना टक्केवारीतला धोका कमी वाटला.

कर्जातही तसेच होते. ‘शेकडा दोन रुपये’ व्याज किरकोळ वाटते. पण तो दर महिन्याचा असतो. वर्षाला झाले २४ टक्के. एक लाखावर २४,००० रुपये.

म्हणून सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: टक्के कशाचे? किती काळासाठी? आणि रुपयांत किती?