मडके आणि शीतपेटी : खानदेशातील घरगुती मद्यसाधनांचा इतिहास

खानदेशातील मद्याचा इतिहास बहुधा दोन अंगांनी लिहिला जातो. एक अंग सरकारी उत्पन्नाचे आणि दुसरे मद्यपानविरोधी चळवळींचे. पहिल्यात मद्य हा वसुलीचा आकडा असतो, तर दुसऱ्यात ते व्यसन असते. ज्या भांड्यात ते तयार होते, किंवा ज्यातून ते घरी आल्यागेल्यास दिले जाते, त्या भांड्याचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः गेल्या सुमारे दीडशे वर्षांत कायद्याची दृष्टी पेयाइतकीच भांड्यावरही खिळलेली होती, आणि ते स्वाभाविकही आहे. पेय पिऊन संपते. पंचनाम्यात मांडण्यासाठी उरते ते भांडे. त्यामुळे घरातील साध्या भांड्याचे मद्यसाधनात केव्हा आणि कोणाच्या दृष्टीने रूपांतर होते, हा प्रश्न खानदेशच्या सामाजिक इतिहासात दुय्यम मानता येत नाही.

या प्रश्नाचे स्वरूप ध्यानी येण्यासाठी प्रथम एक दूरचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. अमेरिकेत जुनी शीतपेटी, म्हणजे आपल्या बोलण्यातील फ्रीज, निकामी झाली म्हणून टाकून न देता तिचे बिअरच्या घरगुती वाढपयंत्रात रूपांतर करण्याचा छंद रूढ आहे. आतील फळ्या काढून टाकतात, तळाशी बिअरने भरलेले पोलादी पिंप ठेवतात आणि त्यास कार्बन डायऑक्साइड वायूचे नळकांडे जोडतात. नंतर दारास भोक पाडून बाहेरच्या बाजूने तोटी बसवितात. भोक दारासच पाडावयाचे कारण असे की, बाजूच्या भिंतींत थंडावा देणाऱ्या द्रव्याच्या नळ्या असू शकतात आणि त्यांपैकी एक जरी फुटली तरी सारी पेटी वाया जाते. आतील तापमान ३ ते ४ अंश सेल्सिअस आणि वायूचा दाब चौरस इंचास १० ते १२ पौंड राखला म्हणजे पेय नीट उतरते. उष्णता वाढली की त्यात विरलेला वायू सुटा होऊन पेल्यात नुसता फेस पडतो. या कामी वापरली जाणारी सुमारे १९ लिटरची लहान पिंपे मूळची शीतपेयांच्या पाकाची होत. त्या कंपन्यांनी पुढे पाक भरण्याची पद्धत बदलल्यावर ती स्वस्तात विक्रीस आली. थोडक्यात, दोन टाकाऊ वस्तूंच्या संयोगातून हे तिसरे साधन जन्मास आले. त्याचे नावही तसेच जोड आहे. पिंप या अर्थाचा ‘केग’ आणि ‘रेफ्रिजरेटर’ यांच्या मिलाफातून ‘केगरेटर’ हा शब्द बनला. मराठीतील ‘पिंप’ हाही परका पाहुणा आहे, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही. पोर्तुगीज ‘पिपा’ म्हणजे मद्याचे मोठे लाकडी पात्र. तेथून तो आला आणि आमच्या घरांत पाणी भरू लागला.

हा छंद निर्वेधपणे वाढला तो कायद्याने वाट मोकळी केल्यामुळे. अमेरिकेतील दारूबंदी १९२० पासून १९३३ पर्यंत टिकली. ती उठल्यावर घरी द्राक्षमद्य करण्यास मुभा मिळाली, परंतु बिअर त्या सवलतीतून वगळली गेली. ही उणीव १९७८ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने दूर झाली. एका प्रौढास वर्षास १०० गॅलन आणि दोन वा अधिक प्रौढांच्या कुटुंबास २०० गॅलन बिअर, विक्रीसाठी नव्हे तर स्वतःच्या उपयोगासाठी, करावाचून बनविण्याची मोकळीक संघराज्याच्या कायद्याने दिली. ऊर्ध्वपातनाने काढलेल्या मद्याचा मात्र त्या सवलतीत समावेश नव्हता. नुसते आंबविणे आणि आंबवून गाळणे यांतील ही सीमारेषा खानदेशाच्या संदर्भात विशेष महत्त्वाची ठरते.

त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८७८ मध्ये, मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. त्या वेळचा खानदेश हा एकच जिल्हा होता. त्याचे पूर्व आणि पश्चिम असे विभाजन १९०६ मध्ये झाले आणि पुढे त्यांचेच जळगाव व धुळे हे जिल्हे झाले. धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा निघाला. या प्रदेशाच्या उत्तर सीमेवर सातपुड्याची रांग आहे. रावेर, यावल, चोपडे, शिरपूर, शहादे, तळोदे आणि अक्राणी असे पूर्वेकडून पश्चिमेकडे जावे, तसतसा डोंगराचा आणि आदिवासी वस्तीचा भाग वाढत जातो. येथील मद्याचा मूलाधार मोह. चैत्राच्या सुमारास त्याची मांसल, फिकट पिवळी फुले पहाटे झाडाखाली पडतात आणि बायकामुले ती वेचून वाळवितात. वाळलेल्या फुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. म्हणून ते फूल अन्नही आहे. टंचाईच्या दिवसांत मोहावर निर्वाह केल्याच्या आठवणी डोंगरातील अनेक घरांत आढळतात. वृक्षाचे नावही हेच सांगते. संस्कृत ‘मधूक’, प्राकृत ‘महुअ’ आणि त्यापासून मराठी ‘मोह’ हा क्रम स्पष्ट आहे. मूळ ‘मधु’ शब्दात गोडी आणि मादकता हे दोन्ही अर्थ फार पूर्वीपासून एकत्र नांदत आले आहेत.

मद्य काढण्याची रीत साधी आहे. फुले मातीच्या मडक्यात पाण्यात भिजवून काही दिवस आंबू देतात. मग ते मडके चुलीवर चढवून तोंड मातीने वा चिंध्यांनी लिंपून घेतात आणि बांबूच्या नळीने वाफ दुसऱ्या भांड्यात नेतात. ते दुसरे भांडे थंड पाण्यात बुडविलेले असते. कोठे कोठे नळीऐवजी चुलीवरील मडक्याच्या तोंडावरच थंड पाण्याचे पातेले ठेवतात आणि त्याच्या बुडाशी जमणारे थेंब आत टांगलेल्या वाटीत झेलतात. दोन्ही रीतींत विस्तवाइतकेच महत्त्व थंडाव्यास आहे. पाणी कोमट झाले की बदलावे लागते, न बदलल्यास अर्धी वाफ हवेत जाते. उन्हाळ्यात ज्या मुलुखात पारा ४५ अंशांवर चढतो तेथे हा थंडावा सहज मिळणारा नव्हे. म्हणूनच भट्टी बहुधा ओढ्याकाठी किंवा नदीच्या डोहापाशी लागते. छापा घालणारे अधिकारीही प्रथम नाल्याकाठीच शोध घेतात. अमेरिकेतील छंदिष्टास वीज जे काम करून देते, ते सातपुड्यात वाहत्या पाण्याकडून करून घेतले जाते.

या साधनात मुद्दाम घडविलेले असे जवळजवळ काहीच नाही. मडके पाण्याचे, पातेले स्वयंपाकाचे, नळी कुंपणाच्या बांबूची. काम आटोपले की प्रत्येक वस्तू आपापल्या जागी परत जाते. भिल्ल आणि पावरा समाजात पितरांना आणि देवांना मद्याचे थेंब वाहण्याची रीत होती, लग्न ठरताना आणि पंचांपुढे तंटा मिटताना ते लागत असे. त्यामुळे मडक्याचा हा तात्पुरता उपयोग सणाच्या दिवशी जाते फिरविण्याइतकाच घरगुती होता. १८७८ च्या कायद्याने नेमके येथेच बोट ठेवले. परवान्यावाचून मद्य बनविणे जसे निषिद्ध झाले, तसेच त्यासाठी भट्टी बाळगणेही. सर्वत्र पसरलेल्या लहान भट्ट्यांच्या जागी सरकारी देखरेखीखालील मोठ्या भट्ट्या आणाव्यात आणि तेथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गॅलनवर कर घ्यावा, हे त्या वेळचे धोरण होते. अबकारी खात्याचे आयुक्त सी. बी. प्रिचर्ड हे त्याचे प्रमुख पुरस्कर्ते. समाजाचे आरोग्य हा हेतू असल्याचे पुष्कळदा सांगितले गेले. परंतु ज्या व्यवस्थेत घरचे मद्य गुन्हा ठरते आणि दुकानचे मद्य महसूल ठरतो, त्या व्यवस्थेचा मुख्य हेतू आरोग्य होता असे मानणे कठीण आहे. पुढे १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा करून फुलांचा साठाही नियंत्रणाखाली आणण्यात आला. म्हणजे भांड्यावरून दृष्टी मागे सरकत झाडाखालच्या फुलापर्यंत गेली.

भाषेने या स्थित्यंतराची नोंद ठेवली आहे. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. मराठीत तो शब्द मद्यास लागला आणि बंदुकीच्या चूर्णासही. ‘रसायन’ हा आयुर्वेदातील जरानाशक औषधाचा शब्द. आज धुळे किंवा जळगावच्या पोलीस नोंदींत ‘कच्चे रसायन’ म्हणजे भट्टीवर चढविण्यापूर्वीचे आंबलेले द्रव्य. ‘देशी’ हे विशेषण पूर्वी विलायतीच्या विरोधी अर्थाने पुरेसे होते. परवान्याच्या कारखानी मद्याने ते नाव घेतल्यावर घरच्या मद्यासाठी ‘गावठी’ आणि ‘हातभट्टी’ हे वेगळे शब्द रूढ झाले. यांतील ‘हात’ हा अवयव विचारात घेण्यासारखा आहे. हातमाग आणि हातसडी यांत तो गौरव मिरवितो, पण हातभट्टीत मात्र आरोप बनतो.

आदिवासी समाज या व्यवस्थेपुढे केवळ निमूट राहिला नाही आणि केवळ जुन्या चालीला चिकटूनही बसला नाही. १९२२ मध्ये किनारपट्टीकडून निघालेल्या देवीच्या चळवळीने दक्षिण गुजरातेत आणि लगतच्या मुलुखात मद्यत्यागाचा संदेश नेला. तळोदे तालुक्यातील मोरवड येथील गुला महाराजांनी १९३७-३८ च्या सुमारास हाच आग्रह धरला आणि ‘आप’ पंथाच्या मेळाव्यांस सातपुड्यातून लोक लोटले. या त्यागामुळे दुकानदाराचे उधारीचे पाशही तुटत होते, ही गोष्ट दृष्टिआड करता कामा नये. त्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला आणि १९५० च्या एप्रिलात साऱ्या मुंबई राज्यात बंदी अमलात आली. या अधिनियमाच्या कलम ६५ मध्ये मादक द्रव्य बनविण्याच्या हेतूने कोणतेही साहित्य, भट्टी, भांडी, अवजारे वा उपकरण वापरणे, ठेवणे किंवा जवळ बाळगणे हा अपराध आहे. साठीच्या दशकात महाराष्ट्रात बंदी शिथिल झाली, परवाने आले, दुकाने उघडली. हे कलम मात्र टिकले. अधिनियमाचे नाव आता महाराष्ट्राचे झाले आहे, एवढाच फरक.

शीतपेटी खानदेशात आली ती उशिरा. भारतीय बनावटीची पहिली शीतपेटी गोदरेजने १९५८ मध्ये काढली. जळगाव आणि धुळ्याच्या मध्यमवर्गीय घरांत ती सामान्य वस्तू व्हावयास आणखी काही दशके जावी लागली. बंद पडलेली पेटी येथेही सहसा टाकली जात नाही. तिचे कपाट होते, धान्याची पेटी होते. तिला तोटी बसवून बिअरचे पिंप आत ठेवण्यास यंत्रविद्येची अडचण फारशी नाही. पंखे आणि कूलर दुरुस्त करणारा कोणताही कारागीर ते काम एका दिवसात करील. अडचण पिंप भरण्याची आहे. घरी बिअर आंबविली तर कलम ६५ लागू होते, आणि विकत घेतलेले मद्य परवानाधारकासही ठरावीक परिमाणापर्यंतच बाळगता येते. मोहाच्या मडक्यासाठी चालत आलेली शब्दयोजना अशा रीतीने शहरातल्या शीतपेटीलाही अडवू शकते. प्रत्यक्षात मात्र छापे ओढ्याकाठी पडतात, दिवाणखान्यात नव्हे.

तथापि घरचे मडके निरपराध होते आणि कायदाच तेवढा दोषी, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. १९७२ मध्ये शहादे येथे श्रमिक संघटना उभी राहिली आणि मजुरी व जमीन यांच्या प्रश्नांसोबत आदिवासी स्त्रियांनी मद्याचा प्रश्नही हाती घेतला. गावोगाव जथ्याने जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली. मारहाणीचा आणि उपासमारीचा अनुभव असलेल्या या स्त्रियांना परवान्याची दारू आणि हातभट्टीची दारू यांत फरक करण्याचे कारण नव्हते. ज्या भांड्यात अबकारी खात्याने बुडालेला कर पाहिला आणि संस्कृतीच्या अभ्यासकांनी परंपरा पाहिली, त्यात त्यांनी घरी न पोचलेली मजुरी पाहिली. मडके कोणाचे, याचे उत्तर देताना घरातील पुरुष आणि घरातील स्त्री यांना एकच मानण्याची चूक इतिहासलेखनात वारंवार झाली आहे.

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना मादक द्रव्यांवर बंदी घालण्याचा वा नियमन करण्याचा अधिकार देण्याची तरतूद केली. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, साठविणे आणि त्यांची वाहतूक करणे यांवरील निर्बंध सैल केले. त्याच सुमारास मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्यास वारशाचा दर्जा देऊन आदिवासी बचतगटांस ते बनवून विकण्याची मुभा दिली. त्यासाठी प्रथम निवडलेल्या जिल्ह्यांत अलिराजपूर आहे. अलिराजपूर नर्मदेच्या उत्तर तीरावर, तर अक्राणी दक्षिण तीरावर. दोन्ही तीरांवर फूल तेच आहे. परंतु दक्षिण तीरावर परवान्यावाचून ते मडक्यात घालून चुलीवर चढविणे हा आजही अपराध आहे.