होनावरची मुद्रा

ऐरणीत बसविलेल्या ठशावर सोन्याची चकती ठेवावयाची, वरून दुसरा ठसा धरावयाचा आणि त्यावर हातोड्याचा घाव घालावयाचा. मध्ययुगात फ्रान्सपासून विजयनगरापर्यंत नाणे पाडण्याची रीत थोड्याफार फरकाने हीच होती. घाव कारागीर घालीत असे. परंतु तो कोणाच्या नावाने घालावयाचा, हा प्रश्न राजसत्तेचा होता.

फ्रान्सच्या नवव्या लुईने तेराव्या शतकात सरदारांची नाणी त्यांच्या त्यांच्या मुलखापुरती मर्यादित केली. राजाचे नाणे मात्र सर्वत्र चालावे, असे ठरविले. पुढे १३५६ मध्ये प्वातियेच्या लढाईत इंग्रजांच्या हाती सापडलेला राजा जाँ १३६० मध्ये खंडणीच्या करारावर सुटला, तेव्हा त्याने घोडेस्वाराची आकृती असलेला सोन्याचा ‘फ्रँक’ पाडला.

तेथे कैदेतून सुटलेल्या राजाने नाणे पाडले. येथे नाणे पाडल्यामुळेच एक नायक कैदेत पडला. १५३७ मध्ये बंगळूर वसविणारा केंपे गौडा हा विजयनगरचा मांडलिक होता. सम्राटाच्या अनुमतीवाचून त्याने भैरवाच्या नावाने नाणी पाडली. त्यामुळे त्याचा मुलूख जप्त झाला आणि आनेगुंदीस पाच वर्षे बंदिवास भोगावा लागला, असे परंपरा सांगते. त्याने किल्ला बांधला, तळी खोदविली, पेठा वसविल्या. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. नाणे मात्र मांडलिकाच्या मर्यादेबाहेरचे ठरले.

हेच बंगळूर १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपे गौडाच्या वंशजाकडून घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. बाळ शिवाजीही काही काळ तेथे होते. शहाजीराजांचा दरबार वैभवशाली होता, पदरी फौज होती. तथापि जहागिरीबरोबर महसुलाचा अधिकार येतो, सार्वभौमत्व येत नाही.

ती उणीव पुत्राने भरून काढली. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि सोन्याचा होन पाडण्यात आला. ‘होन’ हा शब्द कन्नड ‘होन्नु’पासून, म्हणजे सोन्यावरून आलेला, नाण्याचा घाटही दक्षिणेतील जुन्या परंपरेचा. परंतु त्यावरील अक्षरे नागरी होती: एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसरीस ‘छत्रपति’. नाण्याचे वजन तीन ग्रॅमच्याही आतले. पण त्यावर दुसऱ्या कोणा धन्याचे नाव नव्हते.