शब्दवेध : जरीब

जबलपूरकडील पटवाऱ्याच्या बोलीतला ‘जरीब’ हा शब्द अरबी-फारसीतून आला. मूळचा तो धान्याच्या मापाचा, पुढे तेवढे बी जीत पेरता येईल त्या भूमीच्या क्षेत्राचा, आणि हिंदुस्थानात अखेर मोजणीच्या साधनाचाच वाचक ठरला. दोरीची जरीब दवाने आखडे तेव्हा रयत बुडे, उन्हाने लांबे तेव्हा सरकारी वसूल घटे. म्हणून अकबराच्या अमदानीत लोखंडी कड्यांनी सांधलेल्या बांबूंची जरीब प्रचारात आली, आणि इंग्रजी अमलात गुंटरची ६६ फुटांची, १०० कड्यांची साखळी. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास स्वीडनच्या बर्गस्ट्रँडने प्रकाशाच्या, तर दक्षिण आफ्रिकेच्या वॅडलीने सूक्ष्मतरंगांच्या साह्याने अंतर मोजणारी यंत्रे सिद्ध केली. त्यांच्याच परंपरेतले टोटल स्टेशन प्रिझमवरून परतणाऱ्या किरणावरून अंतर काढते व त्याच वेळी कोनही नोंदते. त्यामुळे भेडाघाटच्या संगमरवरी दरीसारखी, जिच्यावर साखळी अंथरणे अशक्य, ती जागाही मापात येते. साधन पालटले, तरी रयत व सरकार यांपैकी कोणाचेही वाजवी माप बुडू नये, हे मोजणीचे प्रयोजन अबाधितच राहिले पाहिजे.