दोन हजार मैलांची वाट आणि पंधरा दिवसांची रजा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, पूर्व किनाऱ्याला जवळजवळ समांतर, अपालेशियन नावाची एक अतिप्राचीन पर्वतराजी पसरली आहे. तिच्या माथ्यामाथ्याने एक पायवाट गेली आहे. दक्षिणेस जॉर्जिया संस्थानातील स्प्रिंगर पर्वतावर तिचा आरंभ होतो आणि उत्तरेस मेन संस्थानातील कटाडिन शिखरावर ती संपते. वाटेत चौदा संस्थाने लागतात आणि एकंदर लांबी सुमारे २,१९० मैल भरते. सारी वाट एका दमात चालावयाची म्हटले तर बहुतेकांना पाच ते सात महिने लागतात. नोकरीधंद्यात गुंतलेल्या माणसाला इतकी रजा कोण देणार? मग ही वाट आहे तरी कोणासाठी? निरुद्योगी श्रीमंतांसाठी, की शर्यत जिंकू पाहणाऱ्या तरुणांसाठी?

या प्रश्नाचे उत्तर त्या वाटेच्या इतिहासात आहे, आणि ते थोडे अनपेक्षित आहे. ही वाट ज्याने प्रथम मनात आणली त्याच्या डोळ्यांपुढे सहा महिने चालणारा वीर नव्हता. वर्षाकाठी पंधरा दिवसांची सुट्टी मिळणारा श्रमजीवी माणूस होता. तुकड्यातुकड्यांनी चालणे ही या वाटेवरील तडजोड नव्हे. तो तिचा मूळ हेतूच होय.

बेंटन मकाय हा त्या कल्पक गृहस्थाचा नाव. त्याचा जन्म १८७९ सालचा. हार्वर्ड विद्यापीठात वनविद्येचे शिक्षण घेऊन त्याने सरकारी वनखात्यात काम केले होते. १९२१ च्या एप्रिलमध्ये त्याच्या पत्नीने आत्मघात केला. ती स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत वावरलेली कर्ती बाई होती. या आघाताने खचलेल्या मकायला मित्रांनी आधार दिला, आणि त्याच उन्हाळ्यात त्याने कित्येक वर्षे मनात घोळत असलेली योजना कागदावर उतरविली. १९२१ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन वास्तुशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या मासिकात ती प्रसिद्ध झाली. महायुद्ध नुकतेच संपले होते. शहरे फुगत चालली होती. कारखान्यात आणि कचेरीत पिचलेल्या माणसाला मोकळी हवा, डोंगराची उंची आणि विचार करण्यास सवड मिळावी, हा त्या लेखाचा गाभा होता.

त्या लेखातील दोन व्यावहारिक सूचना विशेष ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, सबंध वाटेचे तुकडे पाडावे, शक्यतो संस्थानवार, आणि प्रत्येक तुकडा त्या त्या ठिकाणच्या लोकांच्या हवाली करावा. दुसरी अशी की, वाटेवर निवारे बांधावे, आणि एका निवाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुखाने एका दिवसाची मजल व्हावी इतकेच अंतर ठेवावे. म्हणजे वाट आखण्यापूर्वीच तिचा मुक्काम आखला गेला होता. चालणाऱ्याच्या पायाची शक्ती हेच तिचे माप होते.

या सूचना कागदावरच राहिल्या नाहीत. न्यू इंग्लंडमध्ये अपालेशियन माउंटन क्लब ही संस्था १८७६ पासून डोंगरवाटा राखीत होती, आणि व्हर्माँट संस्थानात १९१० पासून तेथील ग्रीन माउंटन क्लब 'लाँग ट्रेल' नावाची एक लांब वाट तयार करीत होता. अशा जुन्या वाटा नव्या योजनेत ओवून घेता येण्यासारख्या होत्या. खास या योजनेसाठी म्हणून केलेला पहिला तुकडा न्यू यॉर्क शहराच्या उत्तरेस, बेअर माउंटनच्या परिसरात, ७ ऑक्टोबर १९२३ रोजी खुला झाला. १९२५ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टन येथे सभा भरून अपालेशियन ट्रेल कॉन्फरन्स ही संस्था स्थापन झाली. त्यानंतर मात्र उत्साह ओसरला. सभा झाल्या, ठराव झाले. पण झाडी तोडून वाट मोकळी करणारे हात थोडे होते.

अशा वेळी आर्थर पर्किन्स या निवृत्त कायदेपंडिताने कामास पुन्हा गती दिली, आणि त्याच्या मागोमाग मायरन एव्हरी पुढे आला. एव्हरी हा मेन संस्थानात जन्मलेला, वॉशिंग्टनला सरकारी नोकरीत असलेला, सागरी कायद्याचा वकील. १९२७ मध्ये वॉशिंग्टन येथे स्थापन झालेल्या पोटोमॅक क्लबचा तो प्रमुख होता, आणि १९३१ पासून १९५२ पर्यंत मध्यवर्ती संस्थेचा अध्यक्ष होता. मकाय स्वप्न पाहणारा, तर एव्हरी मोजणारा. सायकलच्या चाकाला अंतर दाखविणारे यंत्र जोडून ते चाक तो डोंगरातून ढकलीत नेई. दगड, ओढे, पडलेली झाडे यांची नोंद करी. आणि त्या नोंदींतून तुकड्यातुकड्यांची मार्गदर्शक पुस्तके तयार होत. कोणत्या खिंडीत सडक वाटेला छेदते, झरा किती मैलांवर आहे, निवारा कोणत्या फाट्याने जाऊन लागतो, ही माहिती छापून हाती येऊ लागली तेव्हा चार-आठ दिवसांची रजा घेऊन निघणाऱ्या माणसाला ही वाट खरोखर उपलब्ध झाली.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ही सबंध वाट पायांखाली घालणारा पहिला माणूस म्हणून एव्हरीचेच नाव घेतले जाते. त्याने हा प्रवास १९३६ साली पुरा केला; पण एका दमात नव्हे. नोकरी सांभाळून, रजा आणि सुट्ट्या जमवून, तुकडा तुकडा जोडीत त्याने तो तडीस नेला. पुढे १४ ऑगस्ट १९३७ रोजी मेन संस्थानातील स्पॉल्डिंग आणि शुगरलोफ या दोन पर्वतांमधील उरलेला दुवा तयार झाला आणि वाट अखंड झाली.

तथापि वाट जुळत असता ती जुळविणारे दोन पुरुष मात्र तुटले. व्हर्जिनिया संस्थानात शेनॅन्डोआ येथे राष्ट्रीय उद्यान होत होते आणि त्याच्या धारेवरून 'स्कायलाइन ड्राइव्ह' नावाची मोटारींची सडक काढण्याचे काम १९३१ मध्ये सुरू झाले. एव्हरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोठ्या कष्टाने काढलेली वाट नेमकी त्याच धारेवर होती. सरकारने ती हलवून नव्याने बांधून दिली आणि एव्हरीने हे मान्य केले. वाट अखंड राहणे त्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे होते. मकायला हे मुळीच रुचले नाही. ज्या डोंगरावर मोटारीचा आवाज येतो तेथे चालण्यास जावयाचे कशाला, असा त्याचा सवाल होता. पत्रापत्री कडवट झाली, १९३६ च्या सुमारास दोघांचा संबंध संपला, आणि मकायने १९३५ मध्ये ज्यांच्यासह वनरक्षणाची 'वाइल्डरनेस सोसायटी' स्थापिली होती त्या मंडळींत आपले लक्ष घातले. याच उद्यानासाठी शेकडो डोंगरी कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली, हेही विसरता येत नाही.

यात चूक कोणाची? याचा निवाडा करावयाचा तर आज त्याच शेनॅन्डोआच्या तुकड्याची आखणी कशी करतात ते पाहावे.

उद्यानातील वाट सुमारे १०१ मैलांची आहे. दहा दिवस हाती असतील तर त्रैराशिकाने रोजचे दहा मैल येतात. परंतु डोंगरात त्रैराशिक चालत नाही. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा घालून दिला: तीन मैलांस एक तास धरावा, आणि दर दोन हजार फूट चढणीस आणखी एक तास मिळवावा. हाही ठोकताळा धडधाकट माणसाचा. खुर्चीत बसून वर्ष काढलेल्या गृहस्थाने पहिले दोन दिवस सात-सात मैलच ठेवावे. मग उरलेल्या आठ दिवसांत अकरा-अकरा मैलांनी हिशेब पुरा होतो. पायाला फोड येतात ते बहुधा पहिल्या दोन दिवसांतच, आणि पुढचा सारा प्रवास त्या फोडांवर अवलंबून असतो.

मैलांनंतर शिध्याचा विचार. माणशी रोजचे दोन पौंड धरले तरी दहा दिवसांचे वीस पौंड होतात, आणि हे ओझे पहिल्याच चढावर खांद्यात रुतते. म्हणून शहाणा प्रवासी चार-पाच दिवसांचाच शिधा पाठीवर घेतो आणि पुढचा वाटेत मिळण्याची तजवीज करतो. कोणी खिंडीजवळच्या गावात टपालाने पार्सल आगाऊ पाठवितात. शेनॅन्डोआत हे काम विशेष सोपे आहे. कारण वाट त्या सडकेला पंचवीसहून अधिक वेळा ओलांडते, आणि हंगामात सडकेच्या कडेच्या उपाहारगृहांत व दुकानांत जिन्नस मिळतात. एखाद्याचा पाय मुरगळला तर परतण्याचा मार्गही जवळच असतो. म्हणजे जी सडक मकायला शल्यासारखी सलली, तिच्यामुळेच हा तुकडा नवशिक्यांना सोयीचा झाला आहे. आणि तरीही, संध्याकाळी धारेवर बसलेल्या प्रवाशाच्या कानी मोटारीचा घरघराट पडतो तेव्हा मकायचे म्हणणे त्याला पटल्यावाचून राहत नाही. दोघेही आपापल्या परीने खरे होते.

मुक्कामाचा परवाना काढणे, उन्हाळा सरता सरता कोणते झरे आटतात याची चौकशी करणे, रात्री अन्न अस्वलांच्या आवाक्याबाहेर ठेवणे, या गोष्टी नियमाने कराव्या लागतात. निवारे म्हणजे तीन भिंतींची, पुढून उघडी, पडवीसारखी खोपटी. ती भरलेली असू शकतात, म्हणून तंबू जवळ हवाच. अनुभवी लोकांची आणखी एक युक्ती आहे: आपली मोटार तुकड्याच्या शेवटी उभी करावी आणि भाड्याच्या गाडीने आरंभस्थानी यावे. मग माणूस आपल्याच गाडीकडे चालत असतो, आणि ठरल्या वेळी कोणी न्यावयास येईल की नाही ही चिंता उरत नाही. खुणांची काळजी मात्र नाही. दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच असे पांढरे पट्टे झाडांवर रंगविलेले असतात, आणि एकावर एक असे दोन पट्टे दिसले की वळण आले असे समजावे.

परंतु शेनॅन्डोआचा हिशेब घेऊन उत्तरेकडे जाऊ नये. मेन संस्थानात महूसक नावाच्या घळीत अवघ्या एका मैलासाठी घराएवढ्या शिळांतून चढत, सरपटत जावे लागते, आणि त्यात कित्येकांचे दोन दोन तास जातात. त्याच संस्थानात माँसन गावापुढे सुमारे शंभर मैल गाव लागत नाही. तेथे दहा दिवसांचा शिधा जवळ बाळगा अशी सूचनेची पाटीच उभी आहे. न्यू हँपशरमधील माउंट वॉशिंग्टनवर १२ एप्रिल १९३४ रोजी वाऱ्याचा वेग ताशी २३१ मैल नोंदला गेला होता. तेथे वाट झाडांच्या रेषेच्या वर जाते, म्हणून योजनेत एक दिवस केवळ हवामानासाठी मोकळा सोडावा लागतो. मैल हे माप सर्वत्र सारखे असले तरी मैलाची किंमत सर्वत्र सारखी नसते.

वाट अखंड झाली खरी. पण १९३८ च्या वादळाने न्यू इंग्लंडमधील जंगल आडवे केले, पुढे युद्ध आले, आणि कित्येक तुकडे पुन्हा बुजून गेले. १९४८ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा अर्ल शेफर हा युद्धावरून परतलेला तरुण ४ एप्रिलला निघून ५ ऑगस्टला, १२४ दिवसांत, कटाडिनला पोचला. त्याचा जिवलग मित्र इवो जिमाच्या लढाईत पडला होता. ते दुःख तो चालण्यात जिरवीत होता. एका दमात कोणी सारी वाट चालेल यावर संस्थेच्या मंडळींचा प्रथम विश्वासच बसेना. रोजनिशी आणि छायाचित्रे पाहून त्यांची खात्री पटली. १९५५ मध्ये एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या, अकरा मुलांच्या आईने घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून हाच पराक्रम केला. तेव्हापासून एका दमात चालणाऱ्यांचे नाव गाजू लागले आणि तुकड्यातुकड्यांनी चालणारा जणू दुय्यम ठरला. पण याच आजीबाईंनी पुढे तिसऱ्यांदा जी वाट पुरी केली, ती तुकड्यातुकड्यांनीच, १९६४ साली.

१९६८ च्या कायद्याने ही राष्ट्रीय पायवाट झाली. एव्हरी १९५२ मध्ये वारला. मकाय १९७५ पर्यंत, वयाच्या ९६ व्या वर्षापर्यंत जगला. आजही वाटेचे तुकडे तीसेक स्थानिक मंडळांकडे वाटून दिलेले आहेत, आणि सप्टेंबर १९३८ प्रमाणेच सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने दक्षिणेकडील भाग उद्ध्वस्त केला तेव्हा कुऱ्हाडी-करवती घेऊन प्रथम धावले त्यांत हे स्वयंसेवक होते. मकायची पहिली सूचना अशी शंभर वर्षांनंतरही पाळली जात आहे.

सबंध वाट पुरी करणाऱ्यांची नोंद मध्यवर्ती संस्था ठेवते. ती पाच महिन्यांत पुरी केली की तीस वर्षांच्या सुट्ट्यांत, असा भेद त्या नोंदीत केला जात नाही. मान दोघांना सारखाच. ज्याला वर्षाला पंधराच दिवस मिळतात त्याने गेल्या वर्षी जेथे वाट सोडली त्याच खिंडीत यावे, त्याच पांढऱ्या पट्ट्यापासून पुढचे पाऊल टाकावे. मकायने १९२१ मध्ये ज्या माणसासाठी ही वाट मनात आणली होती, तो हाच.